एफवायचे पहिले दोन महिने

पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीची गडबड साधारणपणे ऑगस्टमध्ये सुरू होते. त्या सुमारास बहुतेक कॉलेजांत प्रथम वर्षाचे प्रवेश नुकतेच आटोपलेले असतात. शेजारच्या बाकावरच्या मुलाचे नावही अजून नीट ठाऊक झालेले नसते. तरीही विंगेत नेपथ्याच्या लेव्हल उचलणाऱ्या, प्रॉपर्टीच्या टेबलावर राखण करणाऱ्या घोळक्यात काही चेहरे एफवायचे असतात. ही मुले इतक्या लवकर तिथवर पोहोचतात, ती काही सगळी जन्मजात नट असतात म्हणून नव्हे. कॉलेज सुरू झाल्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तालमीची खोली शोधलेली असते आणि ‘काही काम असेल तर सांगा’ एवढे एक वाक्य म्हटलेले असते.

कॉलेजच्या जीवनात सामील होण्याबद्दल नव्या मुलांच्या मनात एक पक्का गैरसमज असतो. गळा, अभिनय, वक्तृत्व किंवा खेळ यांपैकी काहीतरी अंगी असलेल्यांसाठीच हे सारे असते, बाकीच्यांनी प्रेक्षकांत बसायचे, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात कोणतेही मंडळ चालवणारे एसवाय-टीवायचे विद्यार्थी गुणवंतांइतकेच भरवशाच्या हातांच्या शोधात असतात. वेळेवर येणारा आणि घेतलेले काम तडीस नेणारा मुलगा किंवा मुलगी त्यांना हवीच असते. मात्र हे शोधकार्य वर्षभर चालत नाही. ते मुख्यतः पहिल्या दोन महिन्यांत उरकते.

आधी वेळापत्रक

कॉलेजचे सांस्कृतिक वर्ष पावसाळ्यातच वेग घेते. एनसीसीची भरती आणि राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे एनएसएसची, नोंदणी सत्राच्या सुरुवातीलाच होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचा ‘मल्हार’ महोत्सव १९७९ पासून ऑगस्टमध्ये होत आला आहे. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांसाठी कॉलेजचे संघ पावसाळ्यात बांधले जातात. तिथून निवडले गेलेले विद्यार्थी पुढे ‘इंद्रधनुष्य’ या राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सवात आपापल्या विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करतात. ‘आधी जरा रुळतो, मग बघू’ म्हणणारा विद्यार्थी दिवाळीनंतर चौकशीला जातो, तेव्हा बहुतेक संघ ठरलेले असतात.

तोवर सारे संपते असे मात्र नाही. डिसेंबर-जानेवारीत एनएसएसची निवासी शिबिरे असतात, मुंबईत आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ भरतो आणि कॉलेजोकॉलेजी स्नेहसंमेलनाची तयारी चालू असते. पहिला मोसम हुकलेल्यांना गॅदरिंगच्या समित्या हा चांगला दुसरा दरवाजा असतो, कारण तिथे माणसे नेहमी कमीच पडतात.

तरी पहिलाच मोसम हुकू नये म्हणून पहिल्या आठवड्यात तीन ठिकाणी जाऊन यावे. जिमखान्यात खेळांच्या निवड चाचण्यांच्या तारखा कळतात. एनएसएसच्या खोलीत कार्यक्रम अधिकारी भेटतात. विद्यार्थी विकास मंडळाचे काम पाहणाऱ्या प्राध्यापकांकडे स्पर्धा आणि योजनांची परिपत्रके येतात. कॉलेजचा सूचनाफलक रोज वाचावा. आता बरेच काही व्हॉट्सअ‍ॅप गटांवर चालते. पण त्या गटात नाव घालण्यासाठीसुद्धा आधी कोणाला तरी जाऊन भेटावेच लागते.

विंगेत खूप जागा असते

एकांकिकेत भूमिका मोजक्या असतात आणि ऑडिशनला येणारे खूप. नकार मिळणे हा तिथला रोजचा व्यवहार आहे, ती लायकीची मोजणी नव्हे. नकार मिळालेल्या विद्यार्थ्याने त्याच दिवशी बॅकस्टेजसाठी नाव द्यावे. नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, रंगभूषा, वेशभूषा, प्रॉम्प्टिंग ही सगळी शिकण्याची कामे आहेत. रोज तालीम पाहता पाहता संहिता पाठ होते, दिग्दर्शकाच्या सूचना कानावरून जातात आणि पुढच्या वर्षीच्या ऑडिशनला तोच विद्यार्थी वेगळ्या तयारीने उभा राहतो.

महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडकातून अशा पिढ्यामागून पिढ्या घडल्या. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे दोघे पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. वैद्यकीय अभ्यासाच्या ओझ्यातही त्यांनी नाटक केले, पुढे एक बालरोगतज्ज्ञ झाले आणि दुसरे मानसोपचारतज्ज्ञ. त्याच पिढीने १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आणले. या स्पर्धेची शिस्तही कडक आहे. २०२२ मध्ये अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकास पात्र नसल्याचे ठरवले आणि करंडक कोणालाच दिला नाही. हा निकाल झोंबला तरी पुढच्या वर्षी मुले पुन्हा तालमीला लागली. एफवायच्या विद्यार्थ्याला अशा वातावरणात पहिल्याच वर्षी वावरायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

नाटकाची ओढ नाही, पण चित्र, रांगोळी, वादन किंवा नृत्य येते, अशांसाठी पुण्यातच फिरोदिया करंडक आहे. १९७४ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत एकाच सादरीकरणात अनेक कला गुंफाव्या लागतात. त्यामुळे तबलजी, चित्रकार, गिटारवादक आणि कसरतपटू एकाच संघात येतात. साहजिकच संघ मोठा लागतो आणि नव्या मुलांना वाव मिळतो. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री रंगते. इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका तिथे येतात. प्रेक्षक म्हणून एकदा ती रात्र जागवली, तरी राज्यातली मुले काय करत आहेत हे एका बैठकीत कळते.

मुंबईच्या फेस्टमध्ये कामांची विभागणी आणखी बारीक असते. हॉस्पिटॅलिटी, लॉजिस्टिक्स, सिक्युरिटी, पीआर, मार्केटिंग, सजावट असे वेगवेगळे विभाग असतात. एफवायचे विद्यार्थी बहुधा व्हॉलंटिअर म्हणून सुरुवात करतात. पाहुण्या कॉलेजच्या संघांना खोल्या दाखवणे, माइक वेळेवर पोहोचवणे, प्रवेशद्वारावर ओळखपत्र तपासणे ही कामे किरकोळ वाटतात. पण कार्यक्रम कसा उभा राहतो आणि ऐनवेळी काय बिघडते, हे तिथेच दिसते. पुढच्या वर्षी विभागप्रमुख निवडताना सीनियर आठवतात ती ही सगळी कामे न कुरकुरता केलेली मुले.

चार तासांचा आठवडा

मंचाचे आकर्षणच नसेल, तर एनएसएस हा सर्वांत खुला रस्ता आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि सात दिवसांच्या एका विशेष शिबिरात राहायचे, असा तिचा सांगाडा आहे. कॉलेजचे चालू आठवडे तीस धरले तर हे आठवड्याला चार तास होतात. अभ्यास सांभाळून कोणालाही जमावे असे हे प्रमाण आहे.

शिबिर सहसा जवळच्या गावात, शाळेच्या खोल्यांत किंवा मंदिराच्या सभामंडपात भरते. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान किंवा सर्वेक्षण, संध्याकाळी गावकऱ्यांसमोर पथनाट्य, असा दिवस जातो. वनराई बंधारा बांधताना पोत्यांत माती भरावी लागते, शोषखड्डा खणावा लागतो, पन्नास-साठ जणांच्या स्वयंपाकाची पाळी येते. वर्गात तीन महिने जे एकमेकांशी बोलले नाहीत ते या सात दिवसांत पक्के मित्र होतात. आषाढी वारीच्या वाटेवर स्वच्छतेसाठी, गणेश विसर्जनाच्या दिवशी घाटावर निर्माल्य गोळा करण्यासाठी आणि रक्तदान शिबिरांतही हेच स्वयंसेवक उभे असतात.

एनसीसीचे गणित थोडे वेगळे. कॉलेजमधले प्रशिक्षण तीन वर्षांचे, म्हणून पहिल्या वर्षी भरती झालेल्यालाच ते पदवीबरोबर पूर्ण करता येते. निवडीच्या वेळी धावणे आणि इतर शारीरिक चाचण्या असतात; त्यासाठी बारावीचा निकाल लागल्यापासूनच सराव धरलेला बरा. ‘बी’ आणि मग ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा होते. ‘सी’ प्रमाणपत्रधारकांना ठरलेल्या अटी पूर्ण केल्यास लष्कराच्या एनसीसी विशेष प्रवेश योजनेतून लेखी परीक्षेविना थेट एसएसबी मुलाखतीसाठी अर्ज करता येतो. सैन्यात जाण्याचा विचार असलेल्या मुलामुलींनी हे पहिल्याच महिन्यात ध्यानात घ्यावे. दुसऱ्या वर्षी कळून उपयोग नसतो.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातील पदवीच्या आराखड्यात एनएसएस, एनसीसी, क्रीडा, योग आणि कला यांना सह-अभ्यासक्रमाच्या गटात श्रेयांक मिळू लागले आहेत. कोणता पर्याय कोणत्या सत्रात घेता येतो हे प्रत्येक कॉलेजात वेगळे असू शकते. अर्ज भरताना कार्यालयातल्या माणसाने सुचवलेल्या पहिल्याच पर्यायावर खूण करण्यापेक्षा यादी मागून घ्यावी आणि आवडीचे काम तिथे बसते का ते पाहावे.

प्रयोगशाळेतली मंडळी

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकात जेमतेम एक किलो वजनाचा एक उपग्रह होता. त्याचे नाव ‘स्वयम्’. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तो घडवला होता. काम सुरू झाल्यापासून उड्डाणापर्यंत काही वर्षे गेली, म्हणजे ज्यांनी आरंभ केला ते पदवी घेऊन कधीच बाहेर पडले होते. दर वर्षी नव्या मुलांनी जुन्यांकडून काम समजून घेतले, म्हणून तो प्रकल्प तडीस गेला.

विज्ञान-तंत्रज्ञानाचे बहुतेक विद्यार्थी-गट असेच चालतात. रोबोटिक्सचा संघ असो, शर्यतीची गाडी बांधणारा असो, तिथे पहिल्या वर्षी सोल्डरिंग, मोजमापे, वस्तूंची नोंद, नोंदवहीचे टाचण अशी कामे मिळतात. काहीच येत नसताना जाणे हीच तिथे रीत आहे. साध्या बीएस्सी, बीए, बीकॉमच्या विद्यार्थ्यांसाठीही ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा आहे. तिच्यात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा गट असतो आणि शेतीपासून समाजशास्त्रापर्यंतचे विषय चालतात. गावच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी किंवा आठवडी बाजारातल्या भावांच्या नोंदी, एवढ्यावरही चांगला प्रकल्प उभा राहतो. एखाद्या प्राध्यापकांना सप्टेंबरआधी गाठून विषय सांगितला की पुढची वाट ते दाखवतात.

शेवटची एसटी साडेपाचची

हे सगळे हॉस्टेलवर किंवा शहरात राहणाऱ्यांना सोपे. पण राज्यातले कितीतरी विद्यार्थी पास काढून एसटीने येतात, आणि कर्जत-कसारा-विरारकडून लोकलने येणाऱ्यांची दमछाक वेगळी सांगायला नको. तालीम सहाला सुरू होणार असेल आणि शेवटची गाडी साडेपाचची असेल, तर इच्छा असूनही माघार घ्यावी लागते.

अशांनी वेळेला जुळणारे काम निवडावे. भित्तिपत्रक आणि वार्षिक अंकाचे संपादन मधल्या सुट्टीत होते. लेख घरी लिहिता येतो, मुद्रितशोधन गाडीत बसून करता येते. वाङ्मय मंडळाचे कार्यक्रम बहुधा दुपारी असतात. एनएसएसची बरीच कामे रविवारी असतात. फेस्टचे पोस्टर, समाजमाध्यमांवरचा मजकूर, नोंदणीचे हिशेब ही कामे फोनवरून होतात. नाटकच करायचे असेल तर सुरुवातीलाच दिग्दर्शकाला गाडीची वेळ सांगावी. अशा विद्यार्थ्याच्या प्रसंगांची तालीम आधी घेता येते, मात्र हे पहिल्या दिवशी सांगितले तर. तालमीला तीन दांड्या मारून झाल्यावर सांगितलेले कारण कोणी ऐकत नाही.

मुलींच्या बाबतीत घरची परवानगी हा बहुतेक ठिकाणी खरा प्रश्न असतो. लपवाछपवीपेक्षा आईवडिलांना एकदा कॉलेजात आणून प्रभारी प्राध्यापकांशी गाठ घालून देणे जास्त उपयोगी पडते. तालमीची वेळ, परत येताना सोबत कोण आणि शिक्षकांचा फोन नंबर, एवढे कागदावर लिहून घरी द्यावे. एका मैत्रिणीला बरोबर घेऊन नाव दिले तर दोन्ही घरांचा होकार सोपा होतो.

घरच्या परिस्थितीमुळे काम करणे भाग असेल, तर ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी करावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेला हा विचार. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात मुले श्रम करून शिकली. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बाग अशा ठिकाणी ताशी मानधनावर काम मिळते. ग्रंथालयात पुस्तके लावणारा विद्यार्थी तीन महिन्यांत अर्ध्या कॉलेजला नावाने ओळखू लागतो, हा त्यातला न मोजलेला फायदा.

भाषेची भीती

मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी मोठ्या शहरांतल्या फेस्टकडे फिरकत नाहीत, कारण तिथला सगळा व्यवहार इंग्रजीत चालतो असे त्यांना वाटते. काही अंशी ते खरेही आहे. पण मंच उभारताना, ट्रकमधून सामान उतरवताना, दिव्यांच्या ठेकेदाराशी बोलताना मराठी-हिंदीच लागते, आणि ज्याला ती नीट येते त्याची तिथे गरज असते. कामाच्या ओघात इंग्रजीही कानावर पडते आणि हळूहळू तोंडात बसते. दुसरीकडे मराठी वाङ्मय मंडळे आहेतच. तिथे कविता वाचन, अभिवाचन, वादविवाद, पुस्तक चर्चा यांतून बोलण्याचा सराव होतो. वर्गात उठून प्रश्न विचारायला धजत नसलेल्या मुलामुलींनी पहिले पाऊल तिथे टाकावे.

किती आणि कुठवर

पहिल्या सत्रात एकच काम घ्यावे, फार तर त्याला पूरक असे दुसरे. नाटक, एनएसएस, क्रिकेट आणि फेस्ट अशी चार ठिकाणी नावे देणारा विद्यार्थी ऑक्टोबरपर्यंत तीन ठिकाणांहून गळतो आणि चौथ्या ठिकाणी त्याच्यावर भरवसा उरत नाही.

हजेरीची अट बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्क्यांची आहे. स्पर्धेसाठी किंवा शिबिरासाठी वर्ग बुडणार असतील, तर प्रभारी प्राध्यापकांच्या सहीचे पत्र आधी घ्यावे, त्याची प्रत वर्गशिक्षकांना द्यावी आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. मागाहून पत्र मिळवणे फार त्रासाचे असते. जर्नल त्या त्या आठवड्यात पूर्ण करून सही घेतलेली बरी. प्रॅक्टिकल बुडाले तर दुसऱ्या बॅचबरोबर करता येईल का, हे त्याच दिवशी विचारावे. वर्गातल्या एका मित्राशी टिपणांची देवाणघेवाण ठरवून टाकावी. करंडक मिळाला आणि एटीकेटी लागली, तर घरचे पुढच्या वर्षी तालमीला पाठवत नाहीत, हे सीनियरना विचारले तरी कळेल.

काही बाबतीत मात्र थेट नकार द्यावा. ‘इंट्रो’च्या किंवा परंपरेच्या नावाखाली कोणी अपमान करत असेल, बळजबरीने काही करायला लावत असेल, तर ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ पासून लागू आहेत. आयोगाची १८००-१८०-५५२२ ही मदतवाहिनी चोवीस तास चालते. लैंगिक छळाची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे करता येते. समितीतील सदस्यांची नावे कॉलेजने लावलेली असतात, ती पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवावीत.

पैशांचे व्यवहार हातात आले तर प्रत्येक रुपयाची पावती ठेवावी. प्रायोजकाकडून येणारी रक्कम स्वतःच्या खात्यावर घेऊ नये. नुसत्या प्रमाणपत्रासाठी शुल्क मागणाऱ्या उपक्रमांपासून दूर राहावे. विद्यार्थी संघटनांचे कार्यकर्तेही प्रवेशाच्या दिवसांतच भेटतात. अभाविप, एनएसयूआय, एसएफआय, छात्रभारती यांच्या भूमिका वेगवेगळ्या आहेत. सार्वजनिक प्रश्नांत रस असणाऱ्याने जरूर त्यांच्याशी बोलावे, दोन-तीन संघटनांच्या बैठका ऐकाव्यात, घरी आणि मित्रांत चर्चा करावी आणि मगच सदस्यत्वाच्या अर्जावर सही करावी. प्रवेशाच्या रांगेत मदत केली म्हणून सही देणे बंधनकारक नसते.

कॉलेजात काहीच नसेल तर

तालुक्याच्या ठिकाणची अनेक कॉलेजे अशी आहेत, की जिथे नाट्यमंडळ नाही, फेस्ट नाही, आणि जिमखाना म्हणजे कुलूपबंद कपाटातला व्हॉलीबॉल. अशा ठिकाणी सामील होण्याऐवजी सुरू करावे लागते, आणि ते वाटते तेवढे अवघड नाही.

पाच-सहा समविचारी मुलेमुली जमवावीत. त्यांत दोघे तरी एसवायचे असावेत, म्हणजे कॉलेजचे रीतिरिवाज ठाऊक असतात. मराठी, भूगोल किंवा विज्ञान, ज्या विषयाशी काम जुळते त्या विभागातल्या एका प्राध्यापकांना मार्गदर्शक व्हायची विनंती करावी. मग प्राचार्यांच्या नावे एका पानाचा अर्ज लिहावा. मंडळाचे नाव, हेतू, सदस्यांची नावे व वर्ग, मार्गदर्शकांची सही, आठवड्यातला भेटीचा वार, लागणारी खोली आणि पहिल्या कार्यक्रमाची तारीख, एवढे त्यात पुरते. पैसे मागू नयेत. खोली आणि फलकावरची जागा मागावी, ती सहसा मिळते.

पहिला उपक्रम बिनखर्चाचा निवडावा. भित्तिपत्रकाला ड्रॉइंग पेपर, स्केचपेन आणि आठ जणांचे लेखन लागते. परिसरातल्या झाडांची किंवा पक्ष्यांची नोंद करायला वही पुरते. अभिवाचनाला ग्रंथालयातले एक पुस्तक आणि एक वर्गखोली बास होते. कार्यक्रम झाला की त्याच दिवशी उपस्थितांची यादी, दोन छायाचित्रे आणि पाच ओळींचा अहवाल मार्गदर्शकांकडे द्यावा. कॉलेजच्या नॅक मूल्यांकनात अशा नोंदींचा उपयोग होतो, त्यामुळे दुसऱ्या कार्यक्रमाची परवानगी पहिल्यापेक्षा लवकर मिळते. पहिला कार्यक्रम सत्र परीक्षेच्या आधी, सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावा आणि जानेवारीतल्या गॅदरिंगसाठी मंडळाच्या नावाने वीस मिनिटांची वेळ त्याच महिन्यात मागून ठेवावी.